बीपीच्या गोळीने पाय सुजले, म्हणून गोळीच बंद करायची का?

तुम्ही लिहिलेली हकिगत आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर तुमच्या लक्षात येईल. आईंचं वय ६१. तीन वर्षं ॲम्लोडिपिन ही बीपीची गोळी पाच मिलिग्रॅमच्या डोसात चालू होती. मध्यंतरी बीपी वाढलेलं दिसलं म्हणून ती दहाची झाली. त्यानंतर दोनेक महिन्यांत संध्याकाळी पाय सुजायला लागले, जोडवी रुतायला लागली. गावातल्या डॉक्टरांनी लघवीची गोळी, म्हणजे टोर्सेमाइड, जोडून दिली. सूज जेमतेम उतरली, पण रात्री लघवीला उठणं, पोटरीत वांब येणं आणि सकाळी अंथरुणातून उठताना भोवळ येणं सुरू झालं. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘किडनीवर आलं असणार’. आईंनी घाबरून सगळ्याच गोळ्या सोडल्या. चार दिवसांनी घरच्या मशीनवर १४२/८८ आलं, आईंना हलकं वाटतंय, आणि तुम्ही विचारताय की आता गोळीशिवाय चालणार नाही का, एकदा लागली की आयुष्यभर लागणारच का.

मी फिजिशियन आहे आणि माझी सगळी प्रॅक्टिस तालुक्याच्या गावी झाली. अशी हकिगत ओपीडीत नेहमी येते. तीत एक गोष्ट जवळपास ठरलेली असते: पेशंट ज्याला ‘बीपीच्या गोळीचा त्रास’ म्हणतो, त्यातला अर्धाअधिक त्रास बीपीच्या गोळीचा नसतो, पहिल्या त्रासावर दिलेल्या दुसऱ्या गोळीचा असतो. आईंची सूज बहुधा ॲम्लोडिपिनची आहे. वांब, रात्रीचं उठणं आणि भोवळ मात्र बहुधा टोर्सेमाइडची. त्यामुळे ‘गोळी घ्यायची की नाही’ हा प्रश्नच मला पटत नाही. कुठली गोळी, किती डोस आणि तिच्याबरोबर दुसरी कुठली, हे विचारायला हवं.

मी आईंना तपासलेलं नाही. त्यांना डायबेटिस आहे का, हृदयाचा जुना त्रास आहे का, क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला आकडा) किती आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि बरंचसं त्यावर अवलंबून आहे. तेव्हा पुढचं वाचून घरी बसून डोस बदलू नका. डॉक्टरांशी बोलताना काय विचारायचं, ते कळावं म्हणून लिहितोय.

आधी त्या १४२/८८ बद्दल, कारण त्या आकड्याने तुम्हाला खोटा दिलासा दिलाय. ॲम्लोडिपिन शरीरातून फार हळू जातं. रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला ३० ते ५० तास लागतात. चार दिवस गोळी न घेताही तिचा थोडा अंश काम करत असतो. गोळीशिवायचं खरं बीपी कळायला आठवडा-दहा दिवस जावे लागतात. एखाद्या दिवशी ही गोळी चुकली तर बीपी लगेच भडकत नाही, तेही याच कारणाने. चुकलेली गोळी भरून काढायला दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत, तेही म्हणूनच. शिवाय घरच्या मशीनवर १३५/८५ च्या वर सरासरी येत असेल तर ते बीपी वाढलेलंच धरतात. म्हणजे १४२/८८ औषधाचा अंश शिल्लक असतानाच हद्दीबाहेर आहे.

सोडलेल्या गोळ्यांत ॲटेनोलॉल, मेटोप्रोलोल किंवा क्लोनिडिन असतं, तर गोष्ट याहून गंभीर होती. ही औषधं अचानक थांबवली की बीपी आणि नाडी उसळतात, आणि हृदयविकार असलेल्याला छातीत दुखण्यापासून झटक्यापर्यंत काहीही होऊ शकतं. ती उतरवायची तर पायरीपायरीने. आपल्याकडे ॲम्लोडिपिन आणि ॲटेनोलॉल एकाच गोळीत मिळणं अगदी सर्रास आहे, आणि पेशंटला वाटतं आपण एकच औषध घेतो. म्हणून आज एक काम करा: पट्टी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा. ब्रँडच्या नावापुढे ‘एटी’ असेल तर बहुतेक वेळा ॲटेनोलॉल असतं, ‘एच’ म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड ही लघवीची गोळी, ‘एएम’ म्हणजे ॲम्लोडिपिन. पण या अक्षरांवर विसंबू नका, मागे लिहिलेली घटकांची नावंच खरी.

आता सूज. ॲम्लोडिपिन रक्त पुढे नेणाऱ्या बारीक रोहिण्या सैल करतं, म्हणून बीपी उतरतं. पण रक्त परत नेणाऱ्या नीला ते तेवढ्या सैल करत नाही. नळ मोठा सोडला आणि मोरीचं भोक तेवढंच राहिलं तर पाणी तुंबतं, तसं केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी बाहेर झिरपून घोट्यांभोवती साचतं. इथे शरीरात पाणी जास्त झालेलं नसतं, ते नको तिथे बसलेलं असतं. म्हणून लघवीची गोळी या सुजेवर फारशी चालत नाही. ती रक्तातलं पाणी काढते, घोट्यातलं तिथेच राहतं, आणि माणूस कोरडा पडतो. आईंचं नेमकं हेच झालेलं दिसतंय.

ही सूज डोसावर अवलंबून असते, आणि सगळा मुद्दा इथेच आहे. पाचच्या डोसात शंभरातल्या साधारण तिघांना, दहाच्या डोसात दहा-अकरा जणांना ती येते. बायकांत तिचं प्रमाण पुरुषांच्या दुपटीहून जास्त आहे. पाच चालू असताना तीन वर्षं काही नव्हतं आणि दहा झाल्यावर दोन महिन्यांत सूज आली, या क्रमातच निदान आहे.

तरी बाकीच्या शक्यता तपासल्याशिवाय सोडायच्या नाहीत. ॲम्लोडिपिनची सूज दोन्ही पायांना सारखी असते, सकाळी कमी, संध्याकाळी जास्त, उन्हाळ्यात आणि ओट्यापाशी फार वेळ उभं राहिल्यावर वाढणारी. घोट्याच्या वर नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून धरा आणि उचला, खळगा राहतो का बघा. शिंप्याची टेप असेल तर घोट्याच्या चार बोटं वर पेनाने खूण करून सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी त्याच खुणेवर घेर मोजा आणि आठवडाभर लिहून ठेवा. ‘सूज आहे, कमी-जास्त होते’ या वाक्यापेक्षा असा कागद डॉक्टरांना कितीतरी उपयोगी पडतो.

सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली आणि चेहऱ्यावर सूज, लघवीला फेस, असं असेल तर किडनीकडे बघावं लागतं. आडवं पडल्यावर धाप लागत असेल, दोन-चार दिवसांत दोन किलो वजन वाढलं असेल तर हृदयाकडे. एकाच पायाला सूज, पोटरी दुखरी आणि गरम, तर त्याच दिवशी दवाखाना, कारण शिरेत गुठळी असू शकते. काकूंच्या निदानाचं उत्तर दोन साध्या तपासण्यांत मिळतं: लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन. त्याच रक्तात सोडियम, पोटॅशियम, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड करून घ्या. वांब येतात म्हणून सोडियम-पोटॅशियम मी सगळ्यात आधी बघेन.

आणखी एक प्रश्न मी साठीच्या प्रत्येक बाईला विचारतो: गुडघ्यांसाठी काय घेता? याचं उत्तर सहसा पहिल्या फेरीत मिळत नाही, कारण मेडिकलवाल्याकडून आणलेली दुखण्याची गोळी ही ‘औषध’ म्हणून धरलीच जात नाही. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक ही सगळी मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी चढवतात, पाय सुजवतात. लघवीची गोळी आणि टेल्मिसार्टनसारखं बीपीचं औषध चालू असताना तर किडनीला तिन्ही बाजूंनी मार बसतो. डायबेटिससाठी पायोग्लिटाझोन किंवा हातापायांना येणाऱ्या मुंग्यांसाठी प्रीगॅबालिन चालू असेल तर त्यानेही पाय सुजतात. आईंचं बीपी पाचच्या गोळीवर तीन वर्षं ठीक असताना अचानक का चढलं, याचं उत्तर कदाचित गुडघ्याच्या गोळीत असेल. विचारून बघा, आणि दोनदा विचारा.

मग करायचं काय? पाचने भागलं नाही तेव्हा दहा करण्याऐवजी दुसऱ्या जातीचं औषध कमी डोसात जोडणं, हा मार्ग मला जास्त पटतो. बीपीच्या गोळीचा बहुतेक फायदा पहिल्या अर्ध्या डोसात मिळून जातो. डोस दुप्पट केला की फायदा थोडाच वाढतो, त्रास मात्र वाढतो. २००९ साली ४२ चाचण्या एकत्र करून केलेल्या विश्लेषणात दिसलं की एकाच औषधाचा डोस दुप्पट करण्यापेक्षा दुसरं औषध जोडल्याने बीपी सुमारे पाचपट जास्त उतरतं. ‘दोन गोळ्या म्हणजे आजार वाढला’ असं घरच्यांना वाटतं. पण कमी डोसाच्या दोन गोळ्या सहसा मोठ्या डोसाच्या एकीपेक्षा सौम्य पडतात.

आईंच्या बाबतीत, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम ठीक असेल तर, ॲम्लोडिपिन परत पाच करून टेल्मिसार्टन चाळीस जोडणं हा मी पहिला विचार करेन. टेल्मिसार्टन नीलाही सैल करतं, त्यामुळे ॲम्लोडिपिनची सूज त्याने कमी होते. एकच बदल, आणि बीपी आणि सूज दोन्हींवर काम. तरी सूज राहिली तर ॲम्लोडिपिनऐवजी त्याच जातीचं सिल्निडिपिन देता येतं, त्याने सूज कमी येते. आणि मग टोर्सेमाइडची गरजच उरत नाही. आईंना हृदयाची किंवा किडनीची सूज असेल तर मात्र टोर्सेमाइड हे योग्य औषध आहे, म्हणून ते थांबवण्याचा निर्णय तपासण्या बघून डॉक्टरांनीच घ्यायचा. टेल्मिसार्टन सुरू केल्यावर दोन-तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन-पोटॅशियम परत करायचं. क्रिएटिनिन थोडं वाढतं, तीस टक्क्यांपर्यंतची वाढ आम्ही चालवून घेतो. हे आधी माहीत नसलं की लॅबचा रिपोर्ट बघून गोळी पुन्हा बंद होते. ही गोळी चालू असताना ‘लो सोडियम’ मीठ मात्र डॉक्टरांना न विचारता वापरू नका, त्यात पोटॅशियम असतं. आणि सैंधव, काळं मीठ यांत बहुतांश सोडियम क्लोराइडच असतं, बीपीला त्यांचा काही वेगळा फायदा नाही.

सूज लगेच उतरेल अशी अपेक्षा ठेवू नका. ॲम्लोडिपिनचा अंमल ओसरायलाच दिवस लागतात, त्यामुळे एक-दोन आठवडे द्या. तोवर दुपारी पाय उशीवर घेऊन पडावं.

बाकीच्या गोळ्यांच्या त्रासाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढे उपयोगी पडेल म्हणून पटकन सांगतो. रॅमिप्रिल, एनालॅप्रिल या बीपीच्या गोळ्यांनी कोरडा ढास लागतो. लोक महिनोन् महिने खोकल्याची बाटली पितात, आणि एक्स-रेपासून ॲलर्जीच्या टेस्टपर्यंत सगळं करून झाल्यावर कुणीतरी गोळीचं नाव विचारतं. टेल्मिसार्टनच्या जातीत तो खोकला सहसा नसतो. गोळी बदलल्यावर तो जायला काही आठवडे लागतात. ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर मात्र आठवडे नाहीत, लगेच इस्पितळ. थायझाइड आणि क्लोरथॅलिडोन या बीपीसाठी दिल्या जाणाऱ्या लघवीच्या गोळ्यांनी, विशेषतः वयस्कर बायकांत, सोडियम उतरतं. सुस्ती, मळमळ, असंबद्ध बोलणं दिसलं तर ‘वयामुळे’ म्हणून सोडून देऊ नका. ही गोळी सकाळी घ्यायची, नाहीतर रात्र बाथरूममध्ये जाते. बाकी गोळ्या सकाळी की रात्री, यावर खूप चर्चा होते. ब्रिटनमध्ये एकवीस हजारांहून जास्त लोकांवर झालेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हृदयविकार आणि पक्षाघाताच्या दृष्टीने काही फरक दिसला नाही. जी वेळ चुकत नाही ती आपली.

भोवळीसाठी एक मोजमाप घरी करा. आई पाच मिनिटं आडव्या पडलेल्या असताना बीपी घ्या, मग त्यांना उभं करून एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर भोवळ बीपी घसरल्याची आहे. शेजारी कुणीतरी उभं राहा, पडल्या तर खुबा मोडायचा. हे आकडे दाखवले की डॉक्टरांनाही डोस कमी करायला आधार मिळतो. रोजचं बीपी घेताना मशीन दंडावरचं हवं, मनगटावरचं नको. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर, आधी पाच मिनिटं शांत, अर्धा तास आधी चहा नाही. सकाळी गोळीच्या आधी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या आणि उरलेल्यांची सरासरी काढा. एकट्या १४२/८८ वरून कुठलाच निर्णय घेता येत नाही, ना गोळी सोडायचा, ना वाढवायचा.

उपवासाच्या दिवशी गोळी चालत नाही असं आईंचं मत असेल (श्रावणात माझ्याकडे हा प्रश्न रांगेत येतो), तर घोटभर पाण्याबरोबर घ्यायला हरकत नाही हे त्यांना सांगा. निर्जळी मात्र नको, लघवीची गोळी चालू असेल तर अजिबात नको. जुलाब-उलट्या झाल्या तर लघवीची गोळी आणि टेल्मिसार्टन दोन दिवस थांबवायचं का, हे त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारायचं. कडक उन्हाळ्यात बीपी थोडं उतरतं, तेव्हा भोवळ आली तर डोस कमी करावा लागू शकतो.

आता भीतीबद्दल, कारण आईंनी गोळ्या सोडल्या त्या सुजेमुळे कमी आणि ‘किडनीवर गेलं’ या शब्दांमुळे जास्त. भीतीने खरंच त्रास वाढतो. इटलीत झालेल्या एका अभ्यासात ९६ पुरुषांना ॲटेनोलॉल दिलं. औषधाचं नावही माहीत नव्हतं त्यांच्यात लैंगिक अडचण शंभरात तिघांनी सांगितली. नाव माहीत होतं पण त्रास सांगितलेला नव्हता, त्यांच्यात सोळा. आणि ‘असा त्रास होऊ शकतो’ असं सांगितलेल्यांत एकतीस. म्हणून त्रास खोटा असतो असं मुळीच नाही, आईंच्या घोट्यावरचा खळगा खराच आहे. पण प्रत्येक मरगळ, प्रत्येक डोकेदुखी गोळीच्या खात्यावर टाकण्याआधी ती गोळी सुरू होण्यापूर्वी होती का, हे तारखा लावून बघावं.

किडनीच्या बाबतीत तर गोष्ट उलटी आहे. किडनी बिघडवणाऱ्या प्रमुख कारणांत वर्षानुवर्षं चढं राहिलेलं बीपी येतं, आणि टेल्मिसार्टनच्या जातीची औषधं लघवीतून प्रथिनं जाणाऱ्यांना किडनी जपण्यासाठीच देतात.

कुणीतरी तुम्हाला ‘मग काढा द्या, त्याला साइड इफेक्ट नाही’ असंही सांगेल. याचं उत्तर मुंबईतच मिळालेलं आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधा या वनस्पतीच्या बीपीवरच्या परिणामाचा अभ्यास ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापला, आणि जगभर तिचा वापर सुरू झाला. १९५७ मध्ये त्यांना लास्कर हा वैद्यकातला मोठा अमेरिकी पुरस्कार मिळाला. औषध अस्सल होतं, बीपी उतरत होतं. आणि नाक चोंदणं, सुस्ती, काहींना उदासीनता हे त्रासही तितकेच अस्सल होते. पुढे कमी त्रासाची औषधं आली तशी ती मागे पडली. मुळी असो की गोळी, शरीरात काही बदल करणारी गोष्ट दुसरीकडेही काही ना काही करतेच.

आयुष्यभर घ्यायची का? बहुतेकांना, हो, काही ना काही. पण हीच गोळी, याच डोसात, असं नाही. वजन पाच-सात किलो उतरलं, लोणचं-पापड-फरसाण आणि ताटातलं वरचं मीठ सुटलं, दुखण्याच्या गोळ्या थांबल्या, तर डोस कमी झालेले आणि एखादी गोळी सुटलेली माणसं मी पाहतो. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आकडे लिहीत करायचं. दिवसाला सगळं मिळून मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात भाकरीच्या पिठातलंही आलं.

तर या आठवड्यात: उद्याच डॉक्टरांना फोन करा, गोळ्या सोडल्यात हे लपवू नका, आणि तपासण्या होईपर्यंत पाचचं ॲम्लोडिपिन चालू ठेवायचं का ते विचारा. बहुतेक डॉक्टर हो म्हणतील. वरचा आकडा १८० च्या पुढे गेला, किंवा छातीत दुखणं, धाप, एका बाजूला अशक्तपणा, बोलणं अडखळणं असं काही झालं तर फोन करत बसू नका, थेट इस्पितळात न्या. औषधांचा खर्च अडत असेल तर ॲम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन ही दोन्ही साधी, जुनी औषधं आहेत. सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात का ते विचारा, जनऔषधी दुकानात स्वस्त मिळतात.

नवी चिठ्ठी झाली की घरातला गोळ्यांचा डबा रिकामा करा. दहाची जुनी पट्टी त्यात राहिली आणि दोन औषधं एकत्र असलेल्या नव्या गोळीतही पाचचं ॲम्लोडिपिन असलं, तर आई नकळत पंधरा घेत राहतील. ब्रँड वेगळा, रंग वेगळा, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. आणि दवाखान्यात जाताना सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून न्या, गुडघ्याच्या गोळीसकट.